मॅक्रोविना सर्व टाइपांसाठी एकच कोड
वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : आमच्या सी प्रकल्पात गरजेनुसार वाढणारा अ‍ॅरे तीन ठिकाणी लिहिलेला आहे. एक इंटसाठी, एक डबलसाठी आणि एक मोजमापांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्रक्चरसाठी. टाइपचे नाव सोडले तर तिन्हींत काहीही फरक नाही आणि एका प्रतीतली चूक दुरुस्त केली की उरलेल्या दोन प्रतींत ती तशीच राहते. हे सगळे एका मोठ्या मॅक्रोत घालावे, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. मला मॅक्रो नको आहेत. दुसरा मार्ग आहे का आणि त्यात वेग कितपत जातो?

उत्तर : मार्ग आहे, आणि त्याचा नमुना प्रमाण लायब्ररीतच सापडतो. क्यूसॉर्ट हे फंक्शन १९८९ च्या पहिल्या मानकापासून सीमध्ये आहे आणि आपण कोणत्या टाइपचा अ‍ॅरे क्रमाने लावतो आहोत हे त्याला कधीच कळत नाही. अ‍ॅरे कुठून सुरू होतो, त्यात किती घटक आहेत, एक घटक किती बाइटांचा आहे आणि दोन घटकांची तुलना कोणते फंक्शन करील, एवढेच त्याला सांगावे लागते. आपल्या वाढत्या अ‍ॅरेला तर तुलनेचीही गरज नाही. त्याला घटकाचा आकार कळला की पुरे.

मॅक्रो नकोत ही आपली भूमिका मला योग्य वाटते. मॅक्रो म्हणजे कंपाइल होण्याआधी प्रीप्रोसेसरने नावाच्या जागी घातलेला मजकूर. दोन संख्यांतली मोठी संख्या देणाऱ्या मॅक्रोला कोणी ‘आय++’ दिले, तर आय दोनदा वाढू शकतो. शंभर ओळींचा मॅक्रो कंपाइलरच्या दृष्टीने एकाच ओळीवर उलगडतो, त्यामुळे डिबगरमध्ये त्यातून पायरीपायरीने जाता येत नाही आणि चुकीचा संदेश बहुधा मॅक्रो जिथे वापरला त्या ओळीकडे बोट दाखवतो. रोज ज्या कोडवर काम करायचे तो असा असू नये.

आता सर्व टाइपांना सामायिक असलेला गाभा कसा लिहायचा ते पाहू. ‘सूची’ नावाच्या स्ट्रक्चरमध्ये तीन गोष्टी ठेवाव्यात : मेमरीच्या तुकड्याचा पॉइंटर, आत्ताची संख्या आणि सध्याची क्षमता. पॉइंटर अनसाइन्ड कॅरचा असावा, कारण व्हॉइड पॉइंटरवर बेरीज करण्याची परवानगी मानक देत नाही. जीसीसी हा कंपाइलर ती विस्तार म्हणून देतो, व्हॉइडचा आकार एक बाइट धरून. पण त्या सवलतीवर कोड उभा करू नये. नवा घटक जोडणारे फंक्शन सूचीचा पॉइंटर, घटकाचा आकार आणि घटकाकडे जाणारा कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटर घेते, जागा संपली असेल तर रीअ‍ॅलॉकने ती वाढवते आणि मग ‘सुरुवात अधिक संख्या गुणिले आकार’ या पत्त्यावर मेमकॉपीने तेवढे बाइट उतरवते.

हे मानकात बसते का, अशी शंका अनेकांना येते. बसते. मॅलॉक आणि रीअ‍ॅलॉकने दिलेली मेमरी कोणत्याही नेहमीच्या टाइपला चालेल अशा सीमेवर सुरू होते आणि प्रत्येक टाइपचा आकार त्याच्या अलाइनमेंटच्या, म्हणजे त्याला लागणाऱ्या सीमेच्या, पटीत असतो, त्यामुळे दुसरा, तिसरा, दहावा घटकही योग्य सीमेवरच पडतो. अशा मेमरीला स्वतःचा घोषित टाइप नसतो. मेमकॉपीने त्यात नोंद उतरवली की नोंदीचा टाइपही तिच्याबरोबर येतो, म्हणून पुढे ती नोंद म्हणून वाचणे पूर्णपणे वैध ठरते.

दोन बारीक जागा मात्र सांभाळाव्या लागतात. क्षमता गुणिले आकार हा गुणाकार साइझ_टी या आकार मोजणाऱ्या टाइपच्या मर्यादेबाहेर गेला तर तो मुकाट्याने लहान होतो आणि आपण गरजेपेक्षा छोटी जागा मागून बसतो. म्हणून गुणाकार करण्याआधी कमाल मर्यादेला आकाराने भागून तपासावे. दुसरी जागा अधिक फसवी आहे. समजा, कोणी सूचीतलाच पहिला घटक पुन्हा शेवटी जोडायला दिला. आपल्या हातात त्या घटकाचा पत्ता आहे आणि जागा अपुरी म्हणून रीअ‍ॅलॉकने पूर्ण तुकडाच दुसरीकडे हलवला. आता तो पत्ता मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बोट दाखवतो आहे आणि मेमकॉपी तिथूनच वाचणार आहे. चाचणीत हे सहसा दिसत नाही, कारण जुन्या जागेवरचे बाइट बऱ्याचदा काही काळ जसेच्या तसे राहतात.

पुष्कळ लोक गाभा लिहून झाला की थांबतात आणि मग ‘व्हॉइड पॉइंटरमुळे टाइपची तपासणी गेली’ अशी तक्रार करतात. तक्रार खरीच आहे. इंटच्या सूचीला डबलचा पत्ता दिला तर कंपाइलर ब्र काढत नाही. गाभा आठ बाइटांतले पहिले चार बाइट उचलतो आणि सूचीत निरर्थक संख्या जाऊन बसते. म्हणून माझा आग्रह आहे की गाभ्यातली फंक्शने उरलेल्या प्रोग्रामने थेट कधीही बोलावू नयेत. प्रत्येक टाइपसाठी त्यावर एक पातळ, टाइप जाणणारा थर लिहावा.

नोंदींसाठी ‘नोंदसूची’ हे वेगळे स्ट्रक्चर करावे, ज्याच्या आत फक्त एक ‘सूची’ असेल. इथे टाइपडेफ पुरत नाही, कारण टाइपडेफ त्याच टाइपला दुसरे नाव देते आणि इंटसूची व नोंदसूची कंपाइलरला एकच वाटत राहतात. मग ‘नोंदसूची_जोडा’ हे स्टॅटिक इनलाइन (ज्याचा कोड बोलावण्याच्या जागीच बसवता येतो असे) फंक्शन लिहावे. ते नोंदसूचीचा पॉइंटर आणि एक नोंद घेते, आणि नोंद पत्त्याने नाही तर मूल्याने घेते. त्याच्या आत एकच ओळ असते : गाभ्याला आतली सूची, साइझऑफ नोंद (नोंदीचा बाइटांतला आकार) आणि या स्थानिक नोंदीचा पत्ता देणे. ‘नोंदसूची_घटक’ हे फंक्शन क्रमांक घेऊन नोंदीचा पॉइंटर परत करते. अशी चार-पाच फंक्शने झाली की काम झाले. चुकीचा टाइप दिला तर कंपाइलर आता साध्या, वाचता येणाऱ्या शब्दांत तक्रार करतो, साइझऑफ या थराबाहेर कुठेही लिहावे लागत नाही, आणि वर सांगितलेला स्वतःचाच घटक जोडण्याचा धोकाही टळतो, कारण मूल्याने घेतलेल्या नोंदीची प्रत रीअ‍ॅलॉकच्या आधीच तयार झालेली असते.

आता वेगाचे पाहू. घटकाचा आकार मी सूचीच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवला नाही, तो प्रत्येक वेळी वरच्या थरातून पाठवला, यामागे हेतू आहे. आकार स्ट्रक्चरमध्ये असला की कंपाइलरच्या दृष्टीने ती धावत्या प्रोग्राममधली एक अज्ञात संख्या असते आणि मेमकॉपीला खरोखरच बोलावणे पाठवावे लागते. आकार साइझऑफ म्हणून येत असेल आणि गाभ्याचे जोडण्याचे फंक्शन हेडर फाइलमध्ये स्टॅटिक इनलाइन असेल, तर ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर कंपाइलरला तिथे ठरावीक ४ किंवा ८ दिसतात आणि पूर्ण मेमकॉपीच्या जागी एकच साधी साठवण्याची सूचना उरते. हाताने लिहिलेल्या इंटच्या प्रतीतही तेच झाले असते. जागा वाढवण्याचे काम क्वचित होते, ते स्वतंत्र सी फाइलमधल्या साध्या फंक्शनमध्ये ठेवले तर कोड विनाकारण फुगतही नाही.

काहींना डिबगरमध्ये घटक सरळ दिसावेत म्हणून वरच्या थरातच नोंदीचा खराखुरा पॉइंटर ठेवावासा वाटतो. ही रचना चांगलीच आहे. किंबहुना वाढत्या अ‍ॅरेपुरती मला ती अधिक आवडते, कारण जोडणे म्हणजे मग नेहमीचे असाइनमेंट उरते आणि फक्त जागा वाढवणे तेवढे सामायिक राहते. पण त्या वेळी वाढवण्याच्या फंक्शनला नोंदीच्या पॉइंटरचा पत्ता व्हॉइड पॉइंटरच्या पॉइंटरमध्ये कास्ट करून देण्याचा मोह होतो. तो टाळावा. व्हॉइड पॉइंटर कोणत्याही वस्तूचा पत्ता धरू शकतो, परंतु व्हॉइड पॉइंटरचा पॉइंटर ही सवलत घेऊन येत नाही. नोंदीचा पॉइंटर जिथे ठेवला आहे ती जागा व्हॉइड पॉइंटर म्हणून वाचणे हा अलायसिंगच्या, म्हणजे एका टाइपची जागा न जुळणाऱ्या टाइपची म्हणून न वाचण्याच्या, नियमाचा भंग आहे आणि ऑप्टिमायझर त्याचा फायदा घेऊ शकतो. फंक्शनने जुना पत्ता घ्यावा, नवा पत्ता परत करावा आणि तो जागेवर ठेवण्याचे काम वरच्या थराने करावे.

राहिला प्रश्न हा थर लिहिण्याच्या श्रमांचा. तीन टाइपांसाठी तो हातानेच लिहा. तीस टाइप झाले तर छोट्या स्क्रिप्टने तो तयार करावा, किंवा गार्ड (फाइल दुसऱ्यांदा इन्क्लूड होऊ न देणारी अट) नसलेली एक फाइल ठेवून, आधी टाइपचे नाव डिफाइन करून, ती पुन्हा पुन्हा इन्क्लूड करावी. दुसऱ्या उपायात प्रीप्रोसेसर येतो हे खरे, पण त्या फाइलमधला कोड सामान्य फंक्शनांसारखाच ओळीओळीने लिहिलेला असतो आणि डिबगरला त्या ओळी दिसतात, म्हणून मला त्यात अडचण वाटत नाही.

प्रश्न : क्यूसॉर्टला देण्यासाठी मी तुलनेचे फंक्शन लिहिले आहे. ते नोंदींचे दोन कॉन्स्ट पॉइंटर घेते आणि तापमानांची वजाबाकी परत करते. कंपाइलर टाइप जुळत नसल्याची सूचना देत होता, म्हणून फंक्शनचा पॉइंटर कास्ट केला. सूचना गेली, प्रोग्रामही चालतो. तरीही हे चूक आहे, असे मला सांगण्यात आले. का?

उत्तर : यात एक सोडून दोन चुका आहेत, आणि दोन्ही इतक्या सर्रास दिसतात की त्यांबद्दल सविस्तर लिहायला हवे.

पहिली चूक कास्टची. फंक्शन ज्या टाइपने लिहिले आहे त्याच्याशी न जुळणाऱ्या टाइपच्या पॉइंटरमधून ते बोलावले, तर पुढे काय व्हावे याची कोणतीही हमी मानक देत नाही. व्हॉइडचा पॉइंटर आणि नोंदीचा पॉइंटर एकमेकांत आपोआप बदलतात, मात्र म्हणून ते पॅरामीटर असलेली फंक्शने एका टाइपची होत नाहीत. नेहमीच्या मशीनवर सगळे पॉइंटर एकाच पद्धतीने पाठवले जात असल्याने हे चालून जाते. पण क्लँग या कंपाइलरमधली कंट्रोल फ्लो इंटेग्रिटीची तपासणी (बोलावलेले फंक्शन अपेक्षित टाइपचे आहे का हे प्रोग्राम चालताना पाहणारी) चालू केली की असे बोलावणे होताच प्रोग्राम तिथेच थांबतो. सुरक्षेसाठी ही तपासणी वापरणारे प्रकल्प वाढत आहेत. उपाय अगदी सोपा आहे. फंक्शनचे दोन्ही पॅरामीटर कॉन्स्ट व्हॉइड पॉइंटरच ठेवा आणि आत पहिल्याच दोन ओळींत ते कॉन्स्ट नोंदीच्या पॉइंटरमध्ये घ्या. सीमध्ये त्यासाठी कास्ट लिहावा लागत नाही आणि लिहूही नये, कारण कास्ट लिहिला की कॉन्स्ट निसटल्याची सूचनाही बंद होऊ शकते.

दुसरी चूक वजाबाकीची. तापमान इंटमध्ये असेल तर दोन अब्जांतून उणे दोन अब्ज वजा केल्यावर उत्तर चार अब्ज येते, जे ३२ बिटांच्या इंटच्या २१४७४८३६४७ या मर्यादेत मावत नाही. आपल्या तापमानात अशा संख्या येणार नाहीत, पण तेच फंक्शन उद्या क्रमांकांसाठी नक्कल केले जाईल. तापमान डबलमध्ये असेल तर गोष्ट आणखी बिघडते : ०.३ चा फरक इंट म्हणून परत करताना शून्य होतो आणि वेगवेगळी तापमाने समान ठरतात. दोन्ही ठिकाणी ‘(अ > ब) - (अ < ब)’ असे लिहावे. यात एक किंवा शून्य अशाच दोन किमतींची वजाबाकी होते, तेव्हा मर्यादा ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही.

डबलबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एखाद्या संवेदकाने वाचन दिले नाही म्हणून नोंदीत नॅन (‘संख्या नाही’ असे मूल्य) असेल, तर त्याच्याशी केलेली ‘मोठा’ आणि ‘लहान’ ही प्रत्येक तुलना असत्य ठरते आणि वरील सूत्र शून्य देते. म्हणजे नॅन दहाच्या बरोबरीचा, नॅन वीसच्याही बरोबरीचा, पण दहा आणि वीस मात्र वेगळे. असा विसंगत क्रम मिळाल्यावर क्यूसॉर्टने काय करावे याला मानकात बंधन नाही. म्हणून नॅन असलेल्या नोंदी आधी ओळखून, त्या शेवटी जाव्यात असा नियम तुलनेच्या फंक्शनमध्येच घालावा.

समान तापमानाच्या नोंदी मूळ क्रमाने राहाव्यात अशी अपेक्षा असेल, तर क्यूसॉर्ट तीही हमी देत नाही. तापमान सारखे आल्यावर नोंदीच्या वेळेची तुलना करावी. स्ट्रिंगांच्या पॉइंटरांचा अ‍ॅरे लावताना दोन स्ट्रिंगांची तुलना करणारे एसटीआरसीएमपी सरळ देऊ नये, कारण तुलनेच्या फंक्शनला घटकाचा पत्ता मिळतो, म्हणजे इथे पॉइंटरचा पॉइंटर.

तुलनेला बाहेरची माहिती लागत असेल, उदाहरणार्थ कोणत्या स्तंभाने लावायचे ते, तर क्यूसॉर्टमध्ये ती पाठवायला जागा नाही आणि लोक ग्लोबल व्हेरिएबलकडे वळतात. क्यूसॉर्ट_आर या त्याच्याच दुसऱ्या रूपात ती जागा आहे. मात्र जीएनयू आणि बीएसडी यांच्या रूपांत आर्ग्युमेंटांचा क्रम वर्षानुवर्षे वेगळा होता. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीने जीएनयूचा क्रम स्वीकारला. आपण स्वतः असे फंक्शन लिहीत असाल तर कॉलबॅकबरोबर (बोलावण्यासाठी दिलेल्या फंक्शनबरोबर) एक व्हॉइड पॉइंटर पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर तो घालायचा म्हणजे प्रत्येक वापराला हात लावावा लागतो.

प्रश्न : सी११ मधील जेनेरिक या कीवर्डने हेच काम होत नाही का?

उत्तर : तो निवड करतो, निर्मिती करत नाही. दिलेल्या एक्स्प्रेशनचा टाइप कंपाइल होतानाच पाहून, आपण लिहून ठेवलेल्या पर्यायांतून एक उचलणे एवढेच त्याचे काम आहे. ते पर्याय, म्हणजे प्रत्येक टाइपची फंक्शने, आधी अस्तित्वात असावी लागतात. शिवाय मॅक्रोच्या बाहेर त्याचा उपयोग जवळजवळ नसतोच, कारण जिथे आपण तो लिहितो तिथे टाइप आपल्याला माहीतच असतो. वरचा थर तयार झाल्यावर इंटसूची_जोडा आणि नोंदसूची_जोडा यांना एकच छोटे नाव हवे असेल, तर एका ओळीच्या मॅक्रोत जेनेरिक वापरायला हरकत नाही, अट एवढीच की त्या ओळीत निवडीपलीकडे काही नसावे.

प्रश्न : आमच्या नोंदीत नावासाठी मॅलॉकने घेतलेली स्ट्रिंग आहे. सूची मोकळी करताना ती कोणी मोकळी करायची? आणि दोन नोंदी सारख्या आहेत का हे मेमसीएमपीने पाहिले तर चालेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चालणार नाही. मेमसीएमपी फक्त बाइट ताडून पाहते. स्ट्रक्चरमध्ये एक कॅर आणि त्यामागे एक इंट असेल, तर मध्ये बहुधा तीन बाइट रिकामे सोडले जातात आणि त्यांत काय असेल याचा भरवसा नसतो. सर्व सदस्य समान असूनही मेमसीएमपी फरक दाखवू शकते. उलट स्ट्रिंगच्या बाबतीत ती फक्त पत्ते ताडून पाहते, अक्षरे नाही. उणे शून्य आणि शून्य हे डबल एकमेकांच्या बरोबरीचे असतात, पण त्यांचे बाइट सारखे नसतात. बाइट हलवायला टाइप माहीत नसला तरी चालते. दोन मूल्यांची बरोबरी ठरवायला मात्र टाइपचे ज्ञान लागते, आणि ते ज्या फंक्शनला आहे तेच गाभ्याला द्यावे.

मालकीलाही हाच न्याय लावावा. प्रत्येक टाइपसाठी फंक्शन पॉइंटरांचे एक छोटे कॉन्स्ट स्ट्रक्चर करावे, ज्यात प्रत काढणे, मोकळे करणे आणि तुलना करणे ही कामे असतील. सूची मोकळी करताना गाभा प्रत्येक घटकाच्या पत्त्यासह मोकळे करण्याचे फंक्शन बोलावतो आणि शेवटी आपला तुकडा परत करतो. ज्या टाइपला असे काही लागत नाही त्याच्यासाठी तिथे नल ठेवावे. एक बंधन तेवढे हेडर फाइलच्या डोक्यावरच लिहून ठेवा : स्वतःच्याच एखाद्या सदस्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर ज्या स्ट्रक्चरमध्ये आहे, ते अशा सूचीत थेट ठेवता येत नाही. रीअ‍ॅलॉकने तुकडा हलवला की तो आतला पॉइंटर जुन्या जागेकडेच पाहत राहतो. असे स्ट्रक्चर वेगळ्या मेमरीत ठेवून सूचीत त्याचा पॉइंटर ठेवावा.

प्रश्न : लिंक्ड लिस्टसाठीही आकार आणि मेमकॉपी हीच पद्धत वापरायची का?

उत्तर : तिथे त्याहून साधा मार्ग आहे. पुढचा आणि मागचा दुवा असलेले ‘दुवा’ हे छोटे स्ट्रक्चर करावे आणि ते आपल्या नोंदीत पहिला सदस्य म्हणून ठेवावे. जोडणे, काढणे, फिरणे ही सगळी फंक्शने दुव्यांवरच काम करतात. त्यांना व्हॉइड पॉइंटरही लागत नाही, घटकाचा आकारही नाही. स्ट्रक्चरच्या पॉइंटरचे त्याच्या पहिल्या सदस्याच्या पॉइंटरमध्ये आणि तिथून परत रूपांतर करता येते ही हमी मानकाची आहे, म्हणून दुव्यापासून नोंदीकडे जायला एक कास्ट पुरतो. तो कास्ट प्रत्येक टाइपच्या एका स्टॅटिक इनलाइन फंक्शनमध्ये बंद करून ठेवावा.

एकच नोंद दोन याद्यांत असायला हवी असेल, तर दुसरा दुवा पहिला सदस्य असू शकत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी कंटेनर_ऑफ हा मॅक्रो आहे, जो दुव्याच्या पत्त्यातून त्याचे स्ट्रक्चरमधले अंतर वजा करतो. तेच आपण फंक्शनमध्ये लिहू शकतो : दुव्याचा पत्ता कॅरच्या पॉइंटरमध्ये घ्यावा, त्यातून ऑफसेटऑफने मिळालेले अंतर वजा करावे आणि नोंदीचा पॉइंटर परत करावा. ऑफसेटऑफ हाही मॅक्रोच आहे, पण तो प्रमाण हेडरमधला आहे, आणि ते अंतर हाताने मोजून लिहिणे कधीही अधिक धोक्याचे ठरेल.